पहिला मासा बारीकच

क्लॅमथ नदीत समुद्रातून साल्मन मासे चढू लागले आणि लविनाच्या जाळ्यात तिचा हंगामातला पहिला मासा लागला. पहिला मासा पकडणाऱ्याने खायचा नसतो. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाला द्यायचा असतो. सोळा वर्षं ती तो अर्नेस्टीनच्या दारात नेऊन द्यायची आणि वर "यंदा बारीकच दिसतोय" हेही ऐकून घ्यायची. पण अर्नेस्टीन गेल्या हिवाळ्यात गेली.

लविना मासा घेऊन भाच्याच्या, अ‍ॅक्सलच्या दारात उभी राहिली.

"आता गावात सगळ्यांत म्हातारं कोण रे?"

अ‍ॅक्सल कॉफी ढवळत राहिला. "आत्या, सांगितलं तर चिडशील."

लविनाने मनातल्या मनात एकेक घर पालथं घातलं. सगळीकडे तिच्याहून लहानच माणसं निघाली.

"मग हा मीच खाऊ?"

"तूच पकडलायस. कसा खाशील?"

बराच वेळ ती खवल्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने मासा त्याच्या टेबलावर आपटला.

"हा तुझ्या पोरींना घाल. उद्यापासून जाळं तू टाकायचं. आणि आधीच सांगून ठेवते, तुझा पहिला मासा माझ्याकडे आणशील ना, तेव्हा मी बारीकच म्हणणार."