बाबांच्या बंदुकीची चाचणी

दिग्रसच्या स्टँडवर बाबा मला सोडायला आले ते खांद्यावर बंदूक घेऊन. निवडणूक लागली होती, परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा तो शेवटचा दिवस होता, आणि एका फेरीत दोन कामं उरकायची हा बाबांचा स्वभाव. बंदूक पोत्यात गुंडाळली होती, पण नळ्यांची तोंडं बाहेर आलेली, त्यामुळे बसमधले लोक खिडकीतून वाकून वाकून बघत होते. मला लाज वाटली. पोरगा पॉलिटेक्निक करून पुण्याच्या कंपनीत लागतोय, आणि बाप निरोप द्यायला हे घेऊन आलाय. "जाय तू," ते म्हणाले, "इथं मी हाव, अन् ही बुढी हाय." बस हलली तेव्हा ते ठाण्याच्या रस्त्याला लागलेही होते. मी हात केला नाही.

बुढी म्हणजे ती बंदूक. दुनळी, बाहेर दोन घोडे असलेली. आजोबा दिग्रसला कापसाच्या जिनात चौकीदार होते. जिनाचा मॅनेजर कायमचा गाव सोडून निघाला तेव्हा त्याने ती रीतसर कागद करून आजोबांच्या नावावर करून दिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आजोबांना तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. ज्या गावात त्यांच्या बापाला चावडीच्या पायरीवर बसू देत नव्हते, तिथे आजोबा परवान्याची बंदूक घेऊन गेले. गावाने ती 'फरांसी', म्हणजे फ्रान्सची, म्हणून ओळखली, कारण मॅनेजरने तसं सांगितलं होतं. नळीवर बारीक अक्षरं होती, आकडे होते, एक मुकुट होता. आमच्यापैकी कोणाला ते वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही पडली नाही.

हरभरा दाणे भरून घाट्यावर आला की दिवस मावळताना बाबा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहून हवेत एक बार काढत. डुकरं तीन-चार दिवस फिरकत नसत. आजूबाजूची सात-आठ वावरं त्या एका बारावर राखली जात, आणि खळं झालं की ज्याच्या त्याच्या घरून पायलीभर हरभरा आमच्याकडे येई. कोणी मागत नसे, कोणी विसरत नसे. पुण्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचे मेसेज वाचतो तेव्हा मला ती पायली आठवते.

काडतुसं बाबा घरीच भरत. पितळी पुंगळ्या, काळी दारू, छर्रे, आणि दारू मोजायला कानशीने घासून लहान केलेलं एक माप. मी सुट्टीत आलो की हे बघून चिडायचो. दुकानात लाल चकचकीत तयार काडतुसं मिळतात, आणि हे चिमूटचिमूट मोजत बसलेत. "एवढी कमी दारू काहून टाकता?" मी एकदा विचारलं. "बुढीले इतकंच पचते," ते हसून म्हणाले. मी तो चिक्कूपणा समजलो. पहिल्या बोनसमधून मी त्यांना यवतमाळच्या दुकानात नेऊन तयार काडतुसांचा डबा घेऊन दिला. त्यांनी तो फळीवर ठेवला आणि कधीच फोडला नाही. पोराच्या कमाईची कदर नाही, असं मी बायकोजवळ बोललोही.

बाबा गेले ते बोंडअळीच्या वर्षांत. कपाशी वरून हिरवीगार आणि बोंड फोडलं की आत किडकं, अशी ती वर्षं. धाकटा भाऊ संजू घरी राहिलेला. त्याने कपाशी कमी करून हरभरा आणि भुईमूग वाढवला, आणि नेमकी बंदूक, परवाना बाबांच्या नावाचा म्हणून, ठाण्याच्या मालखान्यात पडलेली. दोन हंगाम डुकरांनी वावर नांगरल्यासारखं केलं. संजूचा फोन आला. "दादा, तू हरकत नाही म्हणून सही देऊन टाक. बंदूक आली तं मी राह्यतो. नाही आली तं मलेही तिकडंच काहीतरी पाह्य." आवाज चढवून नाही बोलला तो. मला मात्र कळलं की आता गावात आमचं घर राहणार की नाही, ते त्या बंदुकीवर आलंय.

सही दिली. महिने गेले, परवाना संजूच्या नावावर झाला, बंदूक सुटली, आणि मी मुद्दाम रजा काढून गेलो. मी आमच्या कंपनीत क्वालिटीला आहे. सिलिंडरची भोकं मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक मी पकडतो. संजू ती खांद्याला लावणार, आणि ती इतकी वर्षं मालखान्यात गंज खात पडलेली. मी म्हणालो, आधी चाचणी, मग खांदा. आमच्याकडे प्रत्येक नगाला कामापेक्षा जास्त दाब देऊन बघतात. टिकला तो पास. तसंच करायचं ठरवलं. फळीवर बाबांचं सगळं सामान होतं, काळी दारू त्याच यवतमाळच्या दुकानात मिळत होती. संजू म्हणाला, "बाबासारखं भरून पाह्यू का?" मी म्हणालो, "त्यात काय दम आहे? चाचणी कडकच पाहिजे." आणि दुकानातली सगळ्यात जोरकस काडतुसं आणवली.

एक गोष्ट मी नीट केली. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरात बंदूक आवळून बांधली, तोंड मातीच्या ढिगाकडे, चापाला वीस पावलांची दोरी, आणि सगळ्यांना धुऱ्याच्या आड बसवलं. शेजारच्या वावराचे देवरावकाका, संजू, त्याची बायको, मी. पहिला बार झाला. डाव्या नळीचा. आवाज असा आला की काका म्हणाले, "वा रे बुढे." संजू लहानपणी हसायचा तसा हसला. तपासून पाहिलं, काही झालं नव्हतं. मी म्हणालो, अजून एक, त्याच नळीतून. कंपनीत चाचणी दोनदा घेतात, नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या बाराला नळी काडतूस बसतं तिथून वीतभर उसवली. लाकडाची ढलपी आमच्या डोक्यावरून गेली. बराच वेळ कोणी उठलं नाही. मग संजू टायरजवळ गेला, जिथे त्याचा डावा हात असता तिथे त्याने हात धरून पाहिला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तू नसता आला तं गेलता माहा हात." त्याची बायको रडायला लागली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी चार घरी मला चहाला बोलावलं, आणि मी गेलो. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला होता.

ठाण्यात पंचनामा झाला तेव्हा मी नळीवरच्या खुणांचे फोटो काढून ठेवले होते. पुण्यात एका जुन्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे सहज म्हणून नेले. म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवून बघितलं. मुकुट आणि खाली एकमेकींवर ठेवलेल्या दोन फांद्या, ही फ्रान्समधल्या सेंट एटियन गावाच्या तपासणीची खूण, म्हणाला. पासष्टचा आकडा म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी, पासष्ट मिलिमीटर; आजचं काडतूस सत्तरचं, बार होताना त्याचं तोंड उघडायला पुढे जागाच नाही. नळीवर जी लाटांसारखी नक्षी आम्ही शोभेची समजत होतो, ती लोखंडाच्या पट्ट्या पिळून जोडल्याची; नवा दाब अशा नळीला सोसत नाही. बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसातल्या, दारूची तपासणी झालेली असती तर आणखी एक शिक्का असता, तो नाही. "ही काळ्या दारूची बंदूक. हिच्यात हे नवं काडतूस घातलं कोणी?"

मी फोटो आवरायला लागलो. त्याने विचारलं, वडील काय भरायचे? मी मापाचा आकार बोटांनी दाखवला, पुंगळी केवढी ते सांगितलं. "बरोबर भरायचे," तो म्हणाला. "तसंच भरलं असतं तर तुमच्या भावाच्या हयातीतही चालली असती."

मॅनेजरने आजोबांना सांगितलं असेल, आजोबांनी बाबांना. माझ्यापर्यंत ते आलंही होतं, मी ते हसण्यावारी नेलं. दुनियेची भोकं मोजणाऱ्या माणसाने बापाच्या बंदुकीचं घर मोजलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मोजायचं साधन माझ्या बॅगेत होतं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, गावाकडून आलेल्यांनो. नव्या बंदुकीचा अर्ज दोनदा परत आला. त्या हरभऱ्याला तर डुकरांनी घाटाही शिल्लक ठेवला नाही. देवरावकाकांनी वावर बटईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं, आणि संजूने आमच्या घराला कुलूप लावलं. आता तो इथेच, चाकणच्या पुढे एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर गार्ड आहे. हातात काठी आणि नोंदवही. गाड्यांचे नंबर लिहितो.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं होतं. पण तो त्याच्या जोडीच्या गार्डांना माझी ओळख करून देतो ती अशी: "हा माहा मोठा भाऊ. ह्याच्यानं माहा हात हाय." आणि तो डावा हात वर करून दाखवतो, पाचही बोटं. त्याचं सगळं गेलं, त्याच्याजवळ गावची म्हणून एवढी एकच चांगली गोष्ट उरलीय. ती कशी काढून घेऊ?

माझ्यासारखे जे निघून आलात, ते कधीतरी एकमेकांना विचारता, आता घर कुठलं म्हणून. माझं सांगतो. संजूची पत्र्याची एक खोली आहे, रविवारी मी तिथे जातो. संजू ड्यूटीवरून येतो, त्याची बायको झुणका-भाकर करते. ती माझं ताट सगळ्यांच्या आधी वाढते, त्या वाचलेल्या हातापायी. मी मान खाली घालून जेवतो.