भिंतीपलीकडची विहीर

चौक गावाजवळ बंगल्यांच्या वसाहतीभोवती उंच भिंत उठली, तेव्हापासून दर रविवारी मी चिडून तिचे फोटो काढत हिंडतो. शेळ्या चारणारी एक म्हातारी तिथे हमखास भेटते. बोलताना भिंतीवर थापट्या मारते, म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा.

"माजा फोटू काढू नको रं," हे तिचं ठरलेलं.

परवा मात्र म्हणाली, "हात वर करून पलीकडचा काढ. आमची इहीर हाय तिथं."

दिरांनी जमीन विकल्यापासून तिने ती विहीर पाहिली नव्हती. मी कॅमेरा उंच धरून अंदाजानेच फोटो काढला आणि तिला दाखवला. हिरवळ, झोपाळा, शेजारी विहीर. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"कठडा पडलाय. त्यांना सांग रं, झोपाळ्यावर बारकी पोरं येत असतील."