मटकीचा खुलासा

माझ्या चौथीच्या वर्गातली पोरं घडाघडा वाचायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं गिळून एका दमात परिच्छेद संपवायची. एकदा वाफेवरचा परिच्छेद वाचून झाला आणि मी विचारलं, "म्हणजे पाण्याचं झालं काय?" पहिल्या बाकावरून एकाने मदत केली, "मॅडम, ते पान बावन्नवर हाय."

त्या उत्तराने मला राग आला, पण पोरांचा नाही. आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं. फळ्यावर उत्तर लिहायचं, त्यांनी उतरवायचं, आपण लाल शाईने बरोबरची खूण करायची. चौदा वह्यांत एकच वाक्य, एकाच चुकीसकट.

माझं माहेर रहिमतपूरचं. साताऱ्याकडे बारा वर्षं शिकवून मी बदलीने सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, या कोरड्या पट्ट्यात आले. शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक आणि मी. निम्मी पोरं मेंढरं राखणाऱ्या घरांतली.

त्या वर्षी मी फळ्यावर उत्तरं लिहिणं बंद केलं. परिसर अभ्यासाच्या वहीत प्रत्येक उत्तराखाली एक शब्द सक्तीचा केला : कशावरून? पुस्तकात वाचलं असेल तर ते वाक्य शोधून पेन्सिलने अधोरेखित करायचं. डोळ्यांनी बघितलं असेल तर कुठे, कधी ते लिहायचं. कुणी सांगितलं असेल तर कुणी सांगितलं ते लिहायचं. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं आणि त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

मुख्याध्यापकांनी वह्या चाळल्या आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, तपासणीला साहेब आले तर काय दाखवायचं? खाडाखोड नुसती."

"तीच दाखवू," मी म्हटलं.

वर्गाच्या भिंतीवर एक जुना रंगीत तक्ता होता. कोंब फुटलेलं बी, वर हसरा सूर्य आणि खाली वाक्य : बी रुजण्यासाठी पाणी, हवा व सूर्यप्रकाश लागतो. पोरं ते वाचत होती आणि मागून एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी मेंढरं होती, दिवाळीनंतर चार महिने ती शाळेत नसायची, त्यामुळे वाचताना अडखळायची. बाकीचे भरभर पुढे जायचे तेव्हा ही एकेका शब्दापाशी थांबायची. म्हणूनच असेल, अर्थ तिलाच आधी लागायचा.

"मॅडम, आमच्यात मटकीला मोड येत्यात ते डब्यात. आई फडक्यात बांधून वरनं झाकण लावती. तिथं कुठलं ऊन?"

"तक्त्यावरचं खोटं आसतंय व्हय?" शेजारचा तिच्यावर खेकसला.

मी म्हटलं, "भांडू नका. बघू या."

मटकी रात्री भिजवून आणली. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून व्हरांड्यात उन्हाला, वीस तसेच ओल्या फडक्यात डब्यात घालून कपाटात. आणखी वीस कोरडे, न भिजवलेले, तेही कपाटात. उन्हातलं फडकं वाळू द्यायचं नाही म्हणून दोघांची पाळी लावली. दुपारी एकाला डबा उघडून बघायची घाई झाली तर सगळा वर्ग त्याच्यावर धावून गेला. "उघडलास तर उजेड आत जाईल की रं!" त्या क्षणी मला वाटलं, प्रयोग म्हणजे काय हे मी आता कुणाला शिकवायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ओल्या फडक्यांत मोड. कोरडी मटकी होती तशी. पुढे आठवडाभर आम्ही ते मोड तसेच वाढू दिले. डब्यातले लांबलचक, पिवळट, मान टाकलेले झाले, बाहेरचे हिरवे. मग त्या मुलीने वहीत लिहिलं, अगदी तिच्या शब्दांत : "मटकीला रुजायला ऊन लागत नाही. कशावरून? कपाटात ऊन नव्हतं तरी वीसमधल्या अठरांना मोड आले. हिरवं व्हायला ऊन लागतं. बाकीच्या बियांचं आम्ही बघितलेलं नाही."

शेवटचं वाक्य मी तिला सुचवलेलं नव्हतं. शिक्षकाच्या आयुष्यात अशी वाक्यं थोडी येतात.

महिन्याभराने आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांच्या, सामायिक चाचणीत नेमका हाच प्रश्न आला : बी रुजायला काय लागतं? उत्तरपत्रिका दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांनी तपासल्या. उत्तरसूचीत छापलेलं होतं, पाणी, हवा, सूर्यप्रकाश. माझ्या चौदाही पोरांनी मटकीचं, बघितलेलं लिहिलं होतं. चौदाही जणांना शून्य.

केंद्रप्रमुखांचा फोन आला. "सगळ्या वर्गाचं एकच चूक उत्तर कसं येतं, मॅडम? तुम्ही वर्गात फिरून सांगितलंत, नाहीतर चुकीचं शिकवलंत. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या."

मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते, निवृत्तीला आले होते. त्यांनी खुलासा तयारच करून आणला. 'अनवधानाने चुकीची संकल्पना शिकवली गेली, यापुढे दक्षता घेईन.' माझ्यापुढे पेन ठेवून म्हणाले, "सही करा आणि विषय संपवा. तीन गुणांसाठी कुठं नडताय?"

"सर, चौदा पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं मी खोटं होतं म्हणून सही करू?"

"पोरांचं काय, ती विसरतील."

"मी नाही विसरणार."

तो कागद मी फाडला नाही, घडी करून त्यांनाच परत दिला. मग स्वतः खुलासा लिहिला, पोरांना शिकवला होता त्याच पद्धतीने. काय शिकवलं, कशावरून, काय माहीत नाही. सगळ्यात वर लिहिलं : मी चुकीचं शिकवलेलं नाही. सोबत वह्यांच्या चौदा छायाप्रती जोडल्या.

त्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, जिथे केंद्रातले सगळे शिक्षक जमतात, केंद्रप्रमुखांनी मला उभं केलं. हातात माझा खुलासा होता. "सूची वरून येते. आपण ती बदलणारे कोण?"

मी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. मोड आलेली मटकी. "सर, ही कालपासून बंद आहे. यात ऊन कुठून शिरलं तेवढं सांगा. मी आत्ता इथे चूक मान्य करते."

कुणीतरी मागे हसलं. केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. "विज्ञान काय स्वयंपाकघरात शिकवायचं असतं का?"

"जिथे घडतं तिथे शिकवायचं असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला हे कळलं होतं. आपल्या सूचीला कळलं नाही."

सभेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. गुण एकदा भरले की बदलता येत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. आमची शाळा केंद्रात शेवटून दुसरी आली.

मी वर्गात जाऊन पोरांना खरं सांगितलं. तुमचं उत्तर बरोबर होतं, मी भांडले, गुण मिळाले नाहीत.

त्या मुलीने विचारलं, "मग पुढच्या टायमाला सूर्यप्रकाश लिवायचा का?"

तिला हो म्हणणं किती सोपं होतं. पुढे पाचवी होती, शिष्यवृत्तीची परीक्षा होती. "नाही," मी म्हटलं. "बघितलंयस तेच लिही. शून्य मिळालं तर माझ्याकडे घेऊन ये."

पंधरा दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शेजारच्या गावातली शिक्षिका. आमच्या उत्तरपत्रिका तिनेच तपासल्या होत्या. "मॅडम, मी माझ्या वर्गात मूग ठेवले डब्यात. आले मोड. मला झोप लागेना, चौदा शून्य दिलेत मी." ती रडवेली झाली होती.

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "मला फोनवर सांगू नका. लिहून द्या, सहीनिशी."

तिची नोकरी नवी होती. मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "देते." आणि खरंच, दोन दिवसांनी पानभर पत्र आलं, खाली तिच्या वर्गातल्या पोरांच्या वेड्यावाकड्या सह्या. तेव्हा मला माझ्या आवाजातल्या कडकपणाची लाज वाटली. मी तिला फोन करून तसं सांगितलंही. पण पत्र मी परत केलं नाही, दुसरा खुलासा लिहून त्याला जोडलं आणि तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात पाठवलं.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दर महिन्याला मी स्मरणपत्र नेऊन देते. तिथला कारकून आता माझा लिफाफा बघूनच हसतो.

ती पोरं पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. मुख्याध्यापक निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले तरुण आहेत आणि शिस्तीचे. यंदा त्यांनी मला पहिली देऊ केली, मी चौथी मागून घेतली. यंदाच्या पोरांनी कुठेतरी वाचलंय की दुपारी बारा वाजता सावली पायाखाली जाते, म्हणून ती रोज बाराला झेंड्याच्या खांबाची सावली खडूने आखतात. हिवाळा आहे, सावली काही पायाखाली जाईना. अंगणभर पांढऱ्या रेघा झाल्यात, शेजारी तारखा.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात साहेब येणार आहेत," नवे सर परवा म्हणाले. "तोवर ते पुसून घ्या."

मी म्हटलं, "साहेबांना रेघा ओलांडून या म्हणावं."