पडद्यावरचे पोहे

ती घटना आठवली की आजही मला हसू येतं, आणि थोडा रागही येतो.

भिलाईत ठाणेदार होतो तेव्हाची गोष्ट. एका विद्यापीठाचे कुलसचिव लेखी तक्रार घेऊन आले, सोबत एक विभागप्रमुख. सभागृहात पाहुणे म्हणून आलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं भाषण चालू असताना मागच्या मोठ्या पडद्यावर एकाएकी ओळ उमटली होती: 'ये साहब कब बैठेंगे? भूख लगी है. मेरा पोहा बचाके रखना.' सगळे खदखदून हसले, पाहुणे उठून गेले. ओळीशेजारी एका विद्यार्थिनीचं नाव होतं. कुलसचिवांच्या मते हे हॅकिंग. मुलीला निलंबित करणार होते, म्हणजे तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा बुडणार. विभागप्रमुख नुसते मान हलवत होते.

मी मुलीला वडिलांसह बोलावलं. वडील रेल्वेत गार्ड, राहणार मोहन नगर. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते.

"साहेब, माह्या पोरीले कावून फसवून राहिले हे लोक?"

मुलगी म्हणाली, "मी तर समोर बसली होती सर. भाषणाची चित्रं सकाळी मीच सभागृहातल्या कॉम्प्युटरवर लावली, मग उठली."

"लॉगआउट केलंस?"

"इथं कोणीच नाही करत. मशीन सुरू व्हायले लई वेळ लागते. मागून येणाऱ्याले त्रास नको म्हणून तसंच सोडून देतो."

मी जाऊन पाहिलं, तर खरंच. एक उठला की दुसरा बसायचा आणि पहिल्याच्याच नावावर काम करायचा. बंद करून उठणाऱ्याला उलट शिव्या बसायच्या. धन्य ती माणुसकी! जबाब घेऊन काही हाती लागेना.

मग चहा पिताना सुचलं. ओळ कोणी लिहिली ते कळत नाही, पण पोहे कोणी खाल्ले ते तर कळेल. कँटीनवाल्याला विचारलं.

"ग्रुप में मैसेज आया था साहब, तो रख दिया. बाद में विभाग वाले बड़े सर खुद आए, बोले मेरा पोहा दो."

विभागप्रमुखांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला आणि विचारलं, "सर, पोहे कसे होते?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. भाषणाची चित्रं पुढे सरकवायला तेच त्या कॉम्प्युटरवर बसले होते. कँटीनवालाही ज्यात होता तो विभागाचा चॅट ग्रुप उघडून त्यांनी त्याला लिहिलं. वर नाव कोणाचं ते पाहिलं नाही. त्या कॉम्प्युटरवरचं सगळं मोठ्या पडद्यावर दिसतं, याचंही भान राहिलं नाही.

"लोक हसले तेव्हा कळलं. पण धीर झाला नाही," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुमची अब्रू झाकायला पोरीचं वर्ष घालवता?"

हे कळल्यावर कुलसचिव तक्रार मागे घेतो म्हणाले. वडिलांनी लगेच हात जोडले. मुलगी मात्र अडून बसली.

"नाव सगळ्यांसमोर खराब झालं सर. साफ पण तिथंच झालं पाहिजे." मला पटलं.

सामायिक यंत्रावर बसताना आधी कोणाचं नाव उघडं आहे ते बघावं आणि उठताना आपलं बंद करावं, एवढं मी त्या केसमध्ये शिकलो. माणसं वाईट नसतात, घाबरट असतात, हेही शिकलो. अशा माणसाला आधी चहा पाजावा.

पुन्हा सभागृह भरलं. पाहुण्यांनाही बोलावलं होतं. विभागप्रमुखांनी स्वतःच्या नावाने लॉगिन केलं आणि पडद्यावर लिहिलं, 'वो पोहा मुझे चाहिए था.' मग पाहुणेच मोठ्यांदा हसले. "अरे, पहले बताते. भूख तो मुझे भी लगी थी."

मुलगी हसली नाही. पडद्यावरचं ते दुसरं नाव तिने नीट वाचलं आणि वडिलांना म्हणाली, "चला बाबा, मले अभ्यास आहे."