होलाच्या तोंडावरची सोंगटी

गंगाखेडला आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालायचा, अन् त्यात एक लय वाईट रीत होती. सोंगटी होलाच्या अगदी तोंडावर आली की समोरचा ती हातानं उचलून होलात टाकायचा अन् म्हणायचा, "झालीच समजा." दिलदारी! सोपी सोंगटी मारायला लावणं म्हणजे कंजूषपणा, असं सगळ्यांना वाटायचं. मी तर पुढं पुढं स्वतःच उचलायला लागलो. समोरचा नुसता मान हलवायचा.

मला वाहवा लागायची. दोन कडांना आपटून लांबची सोंगटी घेतली की मागं उभे असलेले "क्या बात है!" म्हणायचे. तेवढ्यासाठी मी तासभर ठोकत बसायचो. तोंडावरची सोंगटी हलक्या हातानं घ्यावी, तिच्यामागं स्ट्रायकर होलात जाऊ देऊ नये, याचा सराव? छे! तिच्यात काय शिकायचंय?

माझे जोडीदार आमचे हेडक्लार्क. सगळे त्यांना काका म्हणायचे. तीस वर्षं खेळूनही कचेऱ्यांच्या स्पर्धेतला कप त्यांना एकदाही मिळाला नव्हता, अन् मार्चात ते रिटायर होणार होते. "हापिसाच्या आधी अर्धा तास येत जा," ते सांगायचे. "तोंडावरच्या पन्नास सोंगट्या मार, मंग बाकीचं." मी दोन दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी सांगितलं, "पोट दुखायलंय, काका."

त्या वर्षी स्पर्धा परभणीला होती. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे, बंदमुळं ती दोनदा पुढं गेली. आयता वेळ मिळाला, तोही मी ठोकाठोकीत घालवला. आता आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

फायनलपर्यंत पोचलो. शेवटच्या डावात राणी आमच्याकडं, आमची एकच पांढरी उरलेली, त्यांचीही एकच काळी. काकांनी मारलेली पांढरी माझ्या समोरच्या होलाच्या तोंडावर जाऊन थांबली. आमच्या दोघांच्या मधी बसलेल्या गड्याची काळी हुकली. पाळी माझी. काकांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं होतं.

अन् मी काय करावं? हात लांब केला, सोंगटी उचलली अन् होलात टाकली.

"फाऊल!" पंच ओरडले.

ती सोंगटी परत बोर्डावर आली, वर दंडाची आणखी एक. पुढच्या गड्यानं काळी घेतली, कप गेला. लोक पोट धरून हसायलेत अन् मला तो बोर्ड स्वतःच्याच डोक्यात घालावासा वाटला.

परतीच्या एसटीत काकांच्या शेजारी बसलो. मी वाट बघत होतो, घाला ना शिव्या, घाला एक कानाखाली! दैठणा मागं पडल्यावर ते म्हणाले, "चूक माझी हाय. सकाळी तुला सराव कर म्हणायचो, अन् दुपारी समोर बसलो की मीच तुझी सोंगटी उचलून द्यायचो."

खोटं होतं ते. ते द्यायचे, पण घेणारा मीच होतो ना? "न्हाई काका, चूक माझी," एवढंच म्हणायचं होतं. लाज आडवी आली की माज, देव जाणे. बोललो नाही. मार्चात त्यांना निरोपाचा हार घातला, तेव्हाही तोंड उघडलं नाही. दोन वर्षांनी काका वारले, चूक आपलीच होती असं समजून.