पप्पांना सांग

मुलांच्या शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या आयांची एक वेगळीच जमात आहे. दोन वर्षं मीही त्यांतलीच होते. एक खोली, एक शेगडी, खिडकीत वाळत घातलेले कपडे, आणि जिन्यात कुणी भेटलं की एकच प्रश्न, "टेस्टला किती पडले?" नवरा भोकरला. खता-बियाण्यांचं दुकान सोडून तो येणार कुठे? लेकीला डॉक्टर व्हायचं होतं. निदान आम्ही तरी तसं सांगत होतो.

बारावीच्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. रोज संध्याकाळी, आठच्या सुमाराला. ताट वाढलं की पोट धरून आडवी व्हायची. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, गोळ्या झाल्या. सगळं नॉर्मल. मला आधी वाटलं, सोंग आहे, अभ्यासाचा कंटाळा. तसं बोललेही. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. पण पोरगी वाळत चालली. ड्रेस अंगावर लोंबायला लागले. एक दिवस भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मम्मी, मला इथं पण राहायचं नाही, घरी पण जायचं नाही."

मग कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी खाली जाऊन घरमालकिणीला गच्चीच्या दाराला कुलूप लावायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. परीक्षा संपेपर्यंत ते कुलूप निघालं नाही.

डॉक्टरांनीच नांदेडच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांची अट एकच, आई, बाप आणि लेक तिघांनी मिळून यायचं. यावर नवऱ्याचं म्हणणं होतं, "पोट पोरीचं दुखून राहिलं, मी येऊन काय करू?" हेही मला लेकीनेच सांगितलं. कारण आम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नव्हतो.

अबोला धरला होता असं नाही. आमच्या घरची ती रीतच होती. सासू-सासऱ्यांपुढे सुनेने नवऱ्याशी सरळ बोलायचं नाही. लेक झाली आणि मला तोंड फुटलं. तीन महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन मी म्हणायची, "बाळा, पप्पांना सांग, चहा झालाय." पलंगावरून उत्तर यायचं, "मम्मीला म्हणावं, साखर कमी." सगळे कौतुकाने हसायचे. पुढे सासरे गेले, सासू निवळली, पण सवय काही गेली नाही. लातूरला आल्यावर तर फोनच लेकीच्या मोबाईलवर यायचा, रोज आठ वाजता. तुझ्या मम्मीला सांग, तुझ्या पप्पांना सांग. यात काही वावगं असेल असं सतरा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही.

शेवटी कुरकुरत का होईना, तो आला. बाईंच्या खोलीत ओळीने तीन खुर्च्या होत्या. लेक न सांगता मधल्या खुर्चीत बसली, आम्ही दोन बाजूंना. बाई थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मी सोनोग्राफीची फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"कुणाचं चुकलं ते मला शोधायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमच्या घराची मांडणी बघायचीय. कोण कुठं बसतं, कोण कुणाच्या मधे येतं." मग लेकीकडे वळल्या. "बेटा, खुर्ची घेऊन तिकडं खिडकीपाशी बस. आज तुला काहीच करायचं नाही." आम्हाला त्यांनी समोरासमोर बसवलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्च्या सरकवायला का आम्ही एवढ्या लांब एसटीने आलो होतो?

"आता दोघं बोला. मनात काय साचलंय ते."

नवरा घसा खाकरून बाईंना म्हणाला, "हिला म्हणावं—"

"मला नाही. त्यांना सांगा."

त्याने मान वळवून लेकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तशा बाई उठल्या, स्वतःची खुर्ची लेकीच्या पुढ्यात आणून ठेवली आणि तिला झाकून बसल्या. आता बघायला कुणीच उरलं नाही.

"आईचं खुब्याचं हाड मोडलं," तो शेवटी फरशीकडे बघत म्हणाला, "तवा तू आली न्हाईस. आठ दिवसांनी आलीस, पाव्हण्यावानी."

"तुम्हीच म्हणालात ना, सवडीनं ये!"

"सवडीनं?" त्याचा आवाज चढला. "मी म्हणलो, आत्ताच्या आत्ता निघ. न्हाई तर पुन्हा घराची पायरी चढू नको म्हणावं."

"आणि मी काय कळवलं होतं? तुमच्या बहिणींना बोलवा, मी मोलकरीण नाही!"

"मला तर पोरगी म्हणली, मम्मी लई रडून राहिली, परीक्षा झाली की येते."

आम्ही दोघं एकदमच खिडकीकडे वळलो. बाईंच्या पाठीमागून बारीक आवाज आला. "जसंच्या तसं सांगितलं असतं तर तुम्ही वेगळे झाला असता. रोज आठच्या आधी मी ठरवून ठेवायचे, कुणाला काय सांगायचं ते."

खरं सांगते, पहिल्यांदा मला रागच आला. खोटं बोलली म्हणून हात शिवशिवला. मग आठ वाजताचं ते दुखणं डोळ्यांपुढे आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून तिच्याकडे निघाले, तर बाईंनी हात आडवा केला. "तिच्याशी नंतर. आधी यांच्याशी." निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या मधलं दार ही पोरगी झालीय. येता-जाता तिच्यावरच आपटताय. आजपासून फोन थेट करायचा. तिने विचारलं तरी सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लातूरला आठ वाजले. लेक आधीच गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचा मोबाईल वाजला नाही. माझा वाजला. मी जिन्यात गेले. दोघांनाही सुरुवात कशी करायची ते कळेना.

"बोल की," तो म्हणाला.

"तुम्ही बोला."

मग आम्ही बोललो म्हणजे कडाकडा भांडलो. सासूचं, दुकानाचं, लातूरला राहण्याचं, सगळं निघालं. जिन्यातल्या बायका दारं किलकिली करून ऐकत होत्या. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "आई तुझी आठवण काढून राहिली." जरा वेळाने, "मी बी."

आत आले तर लेक दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. "पप्पा काय म्हणाले?"

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. "ते आमचं आम्ही बघू," मी म्हणाले. "तू जेव."

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

या प्रश्नाने मला जेवढं रडवलं तेवढं कशानेच नाही. मी पदराने डोळे पुसले आणि ताट वाढलं. ती बराच वेळ ताटाकडे बघत बसली. मग अर्धी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, भाजीत मीठ कमी आहे."

मी उठून मीठ आणलं.