शेवटच्या रांगेसाठी रंगवलेल्या पुटकुळ्या

नाटक कंपनीत त्यांना सगळे रंगमामा म्हणत. नटांची तोंडं रंगवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. मिसरूड न फुटलेल्या पोराचा त्यांनी थरथरता म्हातारा केला होता आणि साठी उलटलेल्या नायिकेला इतकी कोवळी केली होती, की खेळ संपल्यावर बाई तोंड पुसायला तयार होईना. भाजलेला गाल, फुटलेला ओठ, सुजलेला डोळा, कुठलंही दुखणं सांगा, चहा निवायच्या आत मामा ते तोंडावर उठवून देत.

स्वतःचं दुखणं मात्र आपणहून उठलं. गालात तंबाखूचा बार धरून वर्षानुवर्षं काम केलं होतं, त्याची वसुली जिभेच्या कडेला झाली. सर्जननं जिभेचा एक काप काढला, किरणं दिली, मामा बरे झाले. बोलणं तेवढं जाडं झालं, तोंडात घास धरून बोलल्यासारखं. दीडेक वर्ष बरं गेलं आणि मानेत गाठ आली.

"वन्समोअर मिळाला म्हणायचा," मामा म्हणाले. मामी काही हसल्या नाहीत.

या खेपेला कापायची सोय नव्हती. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसली होती. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, नेहमीचं औषध आहेच, शिवाय एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. गाठीच्या पेशींवर एक खास कुलूप असतं. ही गोळी नेमकी तिथेच जाऊन बसते.

"म्हणजे स्टेजवर वीस माणसं असली तरी धोंडा फक्त खलनायकाच्या डोक्यात," मामा म्हणाले.

"साधारण तसंच. पण लागेलच असं वचन मी देत नाही. ते कळावं म्हणूनच चाचणी. आणि तसलं कुलूप थोडं कातडीवरही असतं, त्यामुळे तोंडावर पुटकुळ्या येऊ शकतात. आल्या तर लगेच सांगायचं."

मामांनी विचार करून सही केली आणि गोळ्या सुरू झाल्या.

डॉक्टरबाईंनी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं शास्त्र तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर कळलं. त्याच गोळीवर असलेला एक ट्रक ड्रायव्हर तिथे बसलेला असे. त्याच्या तोंडावर कपाळापासून हनुवटीपर्यंत तीळ ठेवायला जागा नव्हती, आणि गडी असा मिरवत होता जसं काही पदकच मिळालंय.

"हे बघा मामी, कसं पीक आलंय! पुटकुळी आली म्हणजे औषध गाठीला भिडलं. नाही आली म्हणजे..." त्यानं मामांच्या गुळगुळीत गालांकडे बघितलं आणि बिचाऱ्यानं वाक्य गिळलं.

त्या दिवसापासून घरात मामांच्या तोंडाची पाहणी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या मामी त्यांना खिडकीपाशी उभं करायच्या, हनुवटी धरून उजेडात इकडे-तिकडे फिरवायच्या.

"ही आहे का हो एक?"

"अगं, तो मस आहे. लग्नाच्या आधीपासून आहे."

मग मामी हनुवटी सोडून द्यायच्या आणि चहा ठेवायच्या. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. मामांचा घसा औषधानं दुखत होता ते परवडलं, पण समोर ताटात नुसती बोटं फिरवणारी बायको बघवेना. निम्मी भाकरी तशीच झाकून ठेवायची आणि म्हणायची, भूक नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मामीला भूक नाही हे मामांनी कधी ऐकलं नव्हतं.

एका सकाळी ते न्हाणीघरात जरा जास्त वेळ रेंगाळले. रंगाच्या पेटीतलं मेण, डिंक, चिमूटभर लाल रंग. फक्त तीन, नाकाच्या बाजूला. वरून, पुटकुळ्या आल्याच तर लावायला म्हणून डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम, म्हणजे डिंकाचा वास दबला.

मामींनी बघितलं आणि मटकन खुर्चीतच बसल्या. "आल्या हो! आल्या!" हात लावायला पुढे झाल्या तशी मामा ओरडले, "हात नाही लावायचा, डॉक्टरांनी सांगितलंय!" मामींनी ताबडतोब बहिणीला फोन लावला, मग भावजयीला, मग खालच्या मजल्यावरच्या बाईंना जिन्यातूनच हाक मारून सांगितलं. दुपारी पोटभर जेवल्या, वर ताक प्यायल्या.

आता मागे कसं फिरणार? दुसऱ्या दिवशी मामी विचारू लागल्या, "वाढल्या का?" मग वाढवाव्या लागल्या. आणि एकदा हातात काडी घेतली की मामांचा हात त्यांच्या ताब्यात राहत नसे. आयुष्यभर एकच दंडक पाळला होता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे. कपाळावर एक घोस उठला. गालांवर दाटी झाली. पुटकुळ्यांच्या पिकल्या टोकांवर ग्लिसरीनचा एकेक थेंब ठेवला, तो उजेडात असा चमके की मामांनाच आपलं कौतुक वाटे.

इस्पितळात जायच्या दिवशी धुऊन टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मामी पहाटेपासूनच तयार होऊन दारात उभ्या. "चला लवकर, आज ड्रायव्हरला दाखवू." मामा तसेच निघाले.

बाहेरच्या बाकावर ड्रायव्हरनं त्यांना बघून चक्क उठून जागा दिली.

आत मात्र सिस्टरनं बघताच तोंडावर हात घेतला. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे देवा! कधीपासून हे?"

"आठवडा होत आला," मामी अशा ऐटीत म्हणाल्या, जणू नातवाचा वर्गात पहिला नंबर आला होता.

डॉक्टरबाईंनी हातमोजा चढवला आणि बोट पुढे केलं. मामा "स्स्स!" करून असे कळवळले, की बोट जागीच थांबलं. विंगेत उभं राहून पाहिलेली सगळी मरणं त्या एका कळवळण्यात उतरली होती.

"राहू दे, नाही लावत हात," त्या म्हणाल्या. "मामा, हे फार झालं. इतकं आल्यावर गोळी बंद करावी लागते. दोन आठवडे पूर्ण बंद. उतरलं तर मग कमी डोसवर बघू."

"बंद?" मामींचा आवाज एकदम बारीक झाला. "पण... आल्या म्हणजे चांगलंच ना?"

"कोणी सांगितलं?"

"ड्रायव्हरनं."

मामांच्या मानेतल्या गाठीनं हे ऐकलं असेल तर ती खुदकन हसली असेल. दोन आठवडे तिला मोकळं रान मिळणार होतं. मामांनी मामींकडे बघितलं, डॉक्टरबाईंकडे बघितलं, आणि डाव्या गालावरची सगळ्यात मोठी पुटकुळी चिमटीत धरून उचकटली. टेबलावर ठेवली.

सिस्टर किंचाळली.

"ही घ्या," मामा म्हणाले. दुसरी काढली. "ही पण."

डॉक्टरबाईंनी वाकून टेबलावरच्या पुटकुळीकडे पाहिलं. मग मामांकडे. "हे काय आहे?"

"मेण. आत थोडा डिंक. बाई, गोळी बंद करू नका. खाली एक नाही हो खरी. मला वाटलं, हिला दोन घास जातील."

"पण एवढ्या?"

"तीन पुरल्या असत्या," मामांनी मान खाली घातली. "हाताला शेवटच्या रांगेची सवय."

सिस्टर पाठ करून खिडकीकडे वळली, तिचे खांदे हलत होते. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "मामा, तुमच्या तोंडावर जे दिसतं ते आम्ही लिहितो. त्यावरून उद्या दुसऱ्या कुणाला किती औषध द्यायचं ते ठरतं. तुमच्या या मेणापायी कुणाला तरी कमी गोळी मिळाली असती."

हे मात्र मामांच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. बाहेर तो ड्रायव्हर बसला होता, त्याच्या तोंडावरच्या तर खऱ्या होत्या.

"मला हे वर, चाचणी चालवणाऱ्यांना कळवावं लागणार. त्यांनी तुम्हाला चाचणीतून काढायचं ठरवलं तर माझा इलाज नाही. तोवर गोळी चालू. जा, तोंड धुऊन या."

परतताना घराजवळ बसमधून उतरल्यावर मामी म्हणाल्या, "माझ्यासाठी केलंत?"

"हं."

"पुन्हा माझ्यासाठी काही केलंत तर याद राखा."

पण त्या दिवशीही जेवल्या. रागानं का होईना, दोन भाकऱ्या खाल्ल्या. पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मामींच्या पर्समध्ये गेली.

वरून निरोप यायला बरेच दिवस लागले. फोन वाजला की मामा दचकायचे. शेवटी निरोप आला: राहू द्या, पण दर वेळी तपासणीआधी सिस्टरनं स्वतः तोंड धुवायचं. त्याप्रमाणे सिस्टर स्पिरिटचा बोळा घेऊन मामांचं तोंड असं खरवडून काढू लागली, जसं करपलेलं पातेलं. खाली दर वेळी तेच, गुळगुळीत.

मग स्कॅन झाला. दोघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसले. मामींनी मामांच्या मनगटाला अशी पकड घातली होती की बोटांना मुंग्या आल्या. डॉक्टरबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. दोन्हीकडे मानेत एक करडा डाग.

"गाठ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण लहान झालीय. बरीच. गोळी चालू ठेवायची, पूर्ण डोस."

"आणि तोंडावर एक नाही?" मामा म्हणाले. त्यांना जरा अपमानच झाल्यासारखं वाटलं.

"नाही तर नाही. काहींना येत नाहीत."

मामी उठल्या. पडद्याजवळ गेल्या, चष्मा नीट केला, उजवीकडच्या लहान डागावर नाक टेकेल इतक्या वाकल्या. मग रुमालाचं टोक जिभेनं ओलं करून तो डाग घासू लागल्या.

"मामी, अहो काय करताय?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"थांबा हो," मामी घासता घासता म्हणाल्या. "यांचा काही भरवसा नाही."